वर्गातला ताप आणि बाईंचे सांधे : डिचोलीतले एक प्रकरण

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळणाऱ्या ३४ वर्षांच्या शिक्षिकेचे हे प्रकरण आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुढे त्यांना बाई म्हणतो, शाळेत मुले म्हणतात तसेच.

मार्चच्या उत्तरार्धात बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन औषधांची न उघडलेली पाकिटे होती. एक मेथोट्रेक्सेट, प्रतिकारशक्ती आवरणारे औषध, आठवड्यातून एकदा घ्यायचे. दुसरे प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, रोज सकाळी. सोबत लॅबची ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ आणि एका दवाखान्याची चिठ्ठी, तिच्यावर निदान लिहिलेले : रूमॅटॉइड संधिवात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याचा आजार. औषधे दीर्घकाळ चालतील असे तोंडी सांगितलेले. फार्मसीत पाकीट देताना माणसाने सहज विचारले, “बाई, दिवस वगैरे नाहीत ना?” त्या प्रश्नाने त्या थबकल्या. दुसऱ्या मुलाचा विचार घरात चालू होता. गोळ्या घरी आल्या, पण सुरू झाल्या नाहीत.

तक्रार अशी : दोन आठवड्यांपासून दोन्ही हातांची बोटे, मनगटे, गुडघे आणि घोटे दुखतात, सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर मूठच वळत नाही. खडू धरला की फळ्यावरची ओळ तिरकी जाते. आदोळीवर बसून नारळ खवणे बंद झाले, ते काम आता सासूबाई करतात. बांगड्या मनगटात रुतू लागल्या म्हणून काढून ठेवल्या. हे सगळे एकदम, दोन दिवसांत सुरू झाले. त्याआधी सांध्यांची काही तक्रार नव्हती.

आणि एक गोष्ट त्यांनी अगदी शेवटी, आवाज खाली आणून सांगितली. त्यांच्या आईला रूमॅटॉइड संधिवात होता. आईची बोटे वाकडी झालेली त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. चिठ्ठीवरचे नाव वाचल्यापासून त्यांना झोप नव्हती.

हा कौटुंबिक इतिहास मला बाजूला टाकता येत नव्हता. आई-वडील किंवा भावंडांत हा आजार असेल तर तो होण्याची शक्यता खरोखरच वाढते. त्यामुळे निदान चुकीचेच आहे असे गृहीत धरून मी सुरुवात केली नाही. प्रश्न इतकाच होता की ते आजच करण्याइतका पुरावा हातात आहे का.

गुणांचा हिशेब

तपासल्यावर सुजलेले किंवा दाबल्यावर दुखणारे सांधे १६ भरले : दोन्ही हातांची तर्जनी आणि मधले बोट यांचे मुळाशी असलेले सांधे, बोटांचे मधले सांधे, मनगटे, गुडघे, घोटे. दोन्ही बाजू सारख्याच. लॅबमध्ये रूमॅटॉइड फॅक्टर (या आजारात रक्तात वाढणारे एक प्रथिन) २८, सामान्य मर्यादा १४. शरीरातली सूज दाखवणाऱ्या चाचण्यांत सीआरपी वाढलेले, ईएसआर ३८. यूरिक ॲसिड आणि एएसओ (घशातल्या जिवाणूसंसर्गाची खूण) सामान्य.

अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये मिळून ठरवलेले रूमॅटॉइडचे निकष आज सगळीकडे वापरले जातात. १० पैकी ६ गुण झाले की आजार निश्चित धरायचा. बाईंना लावून पाहू. दहापेक्षा जास्त सांधे आणि त्यांत लहान सांधे, म्हणून ५. रूमॅटॉइड फॅक्टर मर्यादेच्या तिपटीपर्यंत, म्हणजे कमी प्रमाणात सकारात्मक, म्हणून २. सीआरपी वाढलेले, १. एकूण ८. आजाराला सहा आठवडे होऊन गेले असते तर आणखी एक.

म्हणजे कागदावर निदान पक्के. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मनाला येईल ते लिहिले होते असे नाही, आकडे त्यांच्या बाजूने होते. पण या निकषांच्या दारातच एक अट आहे आणि घाईत तिच्याकडे नेमके दुर्लक्ष होते : सांध्यांच्या सुजेचे दुसऱ्या एखाद्या आजाराने अधिक चांगले स्पष्टीकरण मिळत नसेल, तरच गुण मोजायला घ्यायचे. गुण मोजणे सोपे, दोन मिनिटांचे काम. ती अट पूर्ण करायला रुग्णाशी बोलावे लागते.

दोन आठवड्यांची, अचानक आलेली, दोन्ही बाजूंची सांधेसूज असेल तर त्या दुसऱ्या आजारांच्या यादीत विषाणू अगदी वर असतात. चिकनगुनिया, पार्व्होव्हायरस बी-१९, हिपॅटायटिस बी आणि सी, रुबेला, एचआयव्ही. डेंगीत सांधे ठणकतात, पण खरी सूज सहसा नसते.

आधी ताप, मग मोकळे दिवस

“ताप आलेला का?” या प्रश्नाला बाईंचे उत्तर आधी “नाही” असे होते. मग आठवले : फेब्रुवारीच्या अखेरीस दोन दिवस कसकस होती, अंग मोडून आल्यासारखे, थोडे डोके दुखले. शंभराच्या वर पारा गेला नव्हता. वाड्यावर एकाने चिकनगुनियाची भीती घातली म्हणून दुसऱ्याच दिवशी डेंगी आणि चिकनगुनियाची पट्टीवरची चाचणी केली. दोन्ही नकारात्मक. ताप गेला, त्या शाळेत रुजू झाल्या. दहाएक दिवस अगदी ठणठणीत होत्या. त्यानंतर सांधे.

या दहा मोकळ्या दिवसांपाशी मी थांबलो.

चिकनगुनियात ताप आणि सांधे हातात हात घालून येतात. डास चावल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत ताप चढतो, तोही १०२-१०३ पर्यंत, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माणसाला उठता-बसता येत नाही. मधे आठवडाभर बरे वाटून मग प्रथमच सांधे धरले, असा त्याचा रिवाज नाही. ताप उतरल्यावर सांधे उरतात, महिनोन्‌महिने उरतात, ही गोष्ट वेगळी.

पट्टीच्या चाचणीबद्दलही बोलायला हवे, कारण त्या नकारात्मक कागदावर सगळ्यांचा विश्वास बसला होता. ती पट्टी चिकनगुनियासाठी आयजीएम प्रतिद्रव्य शोधते, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीर सुरुवातीला बनवते ते प्रथिन. ते रक्तात सापडण्याइतके व्हायला साधारण पाच दिवस लागतात. तापाच्या दुसऱ्या दिवशी पट्टी कोरी आली यावरून काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या आठवड्यात शोधायचाच तर विषाणू शोधावा, म्हणजे पीसीआर करावी. प्रतिद्रव्याची चाचणी करायची तर प्रयोगशाळेतल्या एलायझा पद्धतीने आणि वेळ देऊन करावी. आमच्याकडे लोक तापाच्या पहिल्या दिवशी पैसे भरून ही पट्टी करून घेतात आणि “चिकनगुनिया नाही” असे समजून निर्धास्त होतात. मला याचे फार वाईट वाटते.

वाड्यावरच्या भीतीला मात्र मी हसणार नाही. मराठी मुलखाला चिकनगुनियाची ओळख जुनी आहे. हा विषाणू १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियात प्रथम सापडला, १९६३ मध्ये कोलकात्यात साथ आली, आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. त्यानंतर तीन दशके तो देशातून जणू नाहीसाच झाला. २००५ च्या अखेरीस परतला आणि २००६ मध्ये एका वर्षात देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. ज्या घरात एकाने सहा-सहा महिने भिंत धरून चालून काढले, त्या घरात सांधा दुखला की हेच नाव आधी येणार. गोव्यात पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग, माडाच्या करवंट्या, टायर, झाकण नसलेली पिंपे यांत हा विषाणू पसरवणारा एडिस डास वाढतो, तेव्हा माझ्याही मनात पहिले नाव तेच येते. बाई आल्या तेव्हा मात्र कोरडा मार्च होता. एवढ्यावरून चिकनगुनिया रद्द होत नाही, पण त्याचे पारडे हलके होते.

पहिलीचा वर्ग

मग मी विचारले, वर्गात मुले आजारी होती का.

होती. फेब्रुवारीत पाच-सहा मुले एकामागोमाग एक-दोन दिवस तापाने गैरहजर होती. बाईंचा स्वतःचा सहा वर्षांचा मुलगा त्याच शाळेत, तोही त्यांत. ताप गेल्यावर त्याचे दोन्ही गाल लालभडक झाले, मग दंडांवर काही उठले. ऊन बाधले असेल असे बाईंना वाटले. आजीने पित्त समजून सोलांचे पाणी चोळले. पोर खेळत होते, जेवत होते, म्हणून कोणी डॉक्टरकडे नेले नाही. नेण्याची गरजही नव्हती.

मुलगा आईबरोबरच आला होता, बाहेर बाकावर बसलेला. त्याला आत बोलावून सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. दंडाच्या आतल्या बाजूला फिकट जाळी अजून होती. मग बाई म्हणाल्या, “हे माझ्यापण येतं, डॉक्टर. ऊन लागलं किंवा कढत पाण्यानं आंघोळ केली की उठतं, मग जातं.” त्यांच्याही दंडावर नीट उजेडात ती जाळी दिसली.

माझ्या मनात आता पार्व्होव्हायरस होता. गोऱ्या कातडीवर या आजाराचे गाल कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखे दिसतात आणि पाठ्यपुस्तकांत चित्रेही तशीच असतात. आपल्या सावळ्या मुलांत ती लाली सहज निसटते. दंड-मांडीवरची जाळी जास्त उपयोगी पडते, पण ती पाहायला बाही वर करावी लागते आणि खिडकीजवळ जावे लागते. उष्णतेने ती आठवडे-दोन आठवडे पुन्हा पुन्हा उठते, ही खूण मला नेहमीच कामी आली आहे.

पार्व्होव्हायरस बी-१९ हा तसा आपल्याला उशिरा कळलेला विषाणू. १९७५ मध्ये लंडनमध्ये ईव्हॉन कोसार्ट आणि त्यांचे सहकारी रक्ताचे नमुने हिपॅटायटिस बीसाठी तपासत होते, त्यात तो योगायोगाने सापडला. बी गटातला १९ क्रमांकाचा नमुना, त्यावरून नाव पडले. मुलांच्या लाल गालांच्या आजाराशी त्याचा संबंध १९८३ मध्ये जुळला आणि मोठ्यांच्या सांधेसुजेशी १९८५ मध्ये. त्याच १९८५ मध्ये ब्रिटनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बाईंच्या दहा मोकळ्या दिवसांचे उत्तर मला त्या प्रयोगात मिळते.

काही निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात हा विषाणू सोडला गेला. साधारण आठवड्याने त्यांच्या रक्तात विषाणू भरून आला, ताप आला, अंग दुखले. याच काळात रक्तातल्या कोवळ्या लाल पेशी, रेटिक्युलोसाइट, जवळपास नाहीशा झाल्या, कारण हा विषाणू हाडांच्या मगजात लाल पेशी बनवणाऱ्या पेशींवरच बसतो. मग ताप गेला. आणि तिसऱ्या आठवड्यात, विषाणू रक्तातून ओसरत असताना आणि प्रतिद्रव्ये तयार होत असताना, पुरळ आणि सांधेदुखी आली. दुखणे असे दोन टप्प्यांत येते. पहिला टप्पा विषाणूचा, दुसरा शरीराने त्याला दिलेल्या उत्तराचा. विषाणू आणि प्रतिद्रव्य यांची जोडगोळी सांध्याच्या अस्तरात अडकते आणि तिथे सूज पेटते, असे मानले जाते. चिकनगुनियाचे तसे नाही. तो विषाणू सांध्याच्या अस्तरातल्या पेशींत स्वतः घुसतो, म्हणून ताप आणि सांधा एकाच वेळी पेटतात.

बाईंचा क्रम या प्रयोगाशी तंतोतंत जुळत होता : मुलांचा संसर्ग, दोन दिवसांची कसकस, मोकळे दिवस, मग जाळी आणि सांधे. शिवाय बाई ३४ वर्षांच्या, स्त्री, लहान मुलांच्या शिक्षिका. लहान मुलांत या विषाणूने सांधे क्वचितच धरतात, दहातल्या एखाद्याचे. मोठ्या बायकांत मात्र संसर्ग झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना सांध्यांचा त्रास होतो, पुरुषांना त्याच्या अर्ध्याइतका. आणि धरतात ते सांधेही रूमॅटॉइडचेच : बोटे, मनगटे, गुडघे, घोटे.

चाचण्या

सगळ्यात आधी गर्भधारणेची चाचणी केली. बाई गर्भवती असत्या तर पुढचा सगळा विचार बदलला असता. ती नकारात्मक आली.

मग बाकीचे. अँटी-सीसीपी, रूमॅटॉइडमध्ये सापडणाऱ्या दुसऱ्या एका प्रतिद्रव्याची चाचणी, नकारात्मक. रूमॅटॉइडसाठी ही चाचणी रूमॅटॉइड फॅक्टरपेक्षा पुष्कळ नेमकी आहे. रूमॅटॉइड फॅक्टर विषाणूच्या आजारात, क्षयात, हृदयाच्या आतल्या संसर्गात, कधी निरोगी माणसातही थोडा वाढलेला मिळतो. स्वस्तातल्या ‘प्रोफाइल’मध्ये तो असतो आणि अँटी-सीसीपी नसते, आणि मला वाटते निम्मे गैरसमज तिथूनच निघतात. एएसओ त्यात कशासाठी असते हे तर मला अजून पटलेले नाही. मोठ्या माणसाच्या बोटांच्या सुजेत ती काही सांगत नाही.

एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिद्रव्यांची चाचणी, १:८० अशी क्षीण सकारात्मक आली. तरुण स्त्री, चेहऱ्यावर किंवा अंगावर पुरळ, सांधे, त्यात एएनए : इथे ल्यूपसची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अनेक अवयवांवर उलटण्याच्या आजाराची, शंका घेतलीच पाहिजे, आणि पार्व्होव्हायरस ल्यूपसची नक्कल करण्यात तरबेज आहे. लघवीत प्रथिने किंवा रक्त नव्हते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक होत्या, तोंडात व्रण नव्हते, केस गळत नव्हते. ती शंका तूर्त मागे ठेवली.

हिमोग्लोबिन १०.६. सप्टेंबरमध्ये एका तपासणी शिबिरात ते ११.८ होते. मधल्या काळात रक्तस्रावाचे कारण नव्हते. मगजावर विषाणू बसून गेल्याची ही पुसट पावले असावीत, पण आपल्याकडे बायकांत ॲनिमिया इतका आहे की एवढ्या घटीवर मी काही उभारणार नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही नकारात्मक. हिपॅटायटिस बीची चाचणी अशा वेळी चुकवू नये. कावीळ दिसण्यापूर्वी काही दिवस सांधे आणि अंगावर पित्तासारखे पुरळ येते, आणि डोळे पिवळे झाले की सांधे आपोआप शांत होतात. तोवर रुग्ण सांध्यांसाठी यकृताला न सोसणारी औषधे घेत बसलेला असतो.

रुबेलाही हेच सांधे धरतो, तोही बायकांतच जास्त. पण कानामागच्या गाठी नव्हत्या. शिवाय गोवर-रुबेला लसीची देशव्यापी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये ज्या पहिल्या काही राज्यांत सुरू झाली त्यांत गोवा होता, त्यामुळे आजच्या पहिलीच्या वर्गातून रुबेला येण्याची शक्यता फार कमी.

चिकनगुनिया आयजीएम, या वेळी एलायझाने आणि तापानंतर तीन आठवडे उलटल्यावर : नकारात्मक. हा नकार मात्र अर्थपूर्ण. पार्व्होव्हायरसचा नमुना मुंबईला गेला आणि अहवालाला आठवडा लागला. आयजीएम सकारात्मक, आयजीजी (नंतर बनणारे आणि टिकून राहणारे प्रतिद्रव्य) सकारात्मक. म्हणजे संसर्ग नुकताच झालेला.

सांध्यातले पाणी काढून त्यात विषाणूचा डीएनए शोधावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मी ते केले नाही. बी-१९ चा डीएनए एकदा संसर्ग झाला की वर्षानुवर्षे शरीरात, सांध्याच्या अस्तरातही, पडून राहतो आणि सांधे कधीही न दुखलेल्या माणसांतही सापडतो. तो मिळाला असता तरी आत्ताच्या सुजेबद्दल काही कळले नसते. बाईंना सुईचा त्रास मात्र झाला असता.

थांबायचे, पण मुदत घालून

अहवाल येण्याआधीच निर्णय घ्यायचा होता, कारण पाकिटे पिशवीत होती आणि बाई उत्तर मागत होत्या.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. रूमॅटॉइड संधिवात असेल तर उपचार लवकर सुरू व्हायला हवेत. पहिल्या तीन महिन्यांत मेथोट्रेक्सेटसारखे औषध सुरू झाले तर हाडांची झीज टाळता येते, बाईंच्या आईच्या पिढीला जे भोगावे लागले ते टाळता येते. आमच्याकडे लोक वर्ष-दोन वर्षे लेप, काढे आणि नाव नसलेल्या पुड्यांवर काढतात. त्या पुड्यांत कधी स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि माणूस येतो तोवर बोटे गेलेली असतात. म्हणून ‘थांबा’ हा शब्द मी सहजासहजी उच्चारत नाही.

दुसरीकडे, विषाणूची सूज हाडे खात नाही. बहुतेकांत ती काही आठवड्यांत उतरते. तिच्यासाठी मेथोट्रेक्सेट दिले, सूज आपोआप उतरली, तर श्रेय गोळीला जाते आणि गोळी बंद करण्याचे धाडस मग कोणी करत नाही. बाईंच्या बाबतीत त्याची किंमत ठरलेली होती. मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहू देता येत नाही, औषध थांबवून काही काळ जावा लागतो. दुसऱ्या मुलाचा विचार त्यांना एका कच्च्या निदानापायी गुंडाळावा लागला असता. स्टेरॉइडने दोन दिवसांत आराम पडला असता आणि त्याच आरामाने खरे चित्र झाकले असते.

मी त्यांना म्हटले, “बाई, तुम्हाला संधिवात नाहीच असे मी आज लिहून देत नाही. पण तो आहे असे आज लिहून द्यायला माझ्याजवळ पुरावा कमी आहे. दुखणे सुरू झाल्यापासून सहा आठवडे होईपर्यंत या दोन गोळ्या नकोत. सहाव्या आठवड्याला सूज आताच्यासारखीच असेल तर मी स्वतः तुम्हाला बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवीन.”

त्यांनी एकच प्रश्न विचारला : “आईच्या वेळी असं कोणी थांबलं असतं तर?” त्याचे उत्तर मी सरळ दिले. आईचा आजार महिन्यांत हळूहळू वाढत गेला होता. त्याच्याआधी ताप, पुरळ, वर्गातली मुले असे काही नव्हते. तिथे थांबणे चूकच ठरले असते. इथे मागे एक कारण दिसते आहे, म्हणून थांबतो, आणि तारीख घालून थांबतो.

उपचार साधे होते. मूत्रपिंडाचे काम तपासून नाप्रोक्सेन दोन वेळा जेवणानंतर, सोबत पोटासाठी गोळी. वेदनेवर लक्ष ठेवून पुढे कमी करत जायचे. सकाळी कोमट पाण्यात हात, बोटांचे हलके व्यायाम. अंथरुणाला खिळून राहायचे नाही, शाळेत जायचे, पण फळ्यावर लिहिण्याचे काम काही दिवस मोठ्या मुलांकडून करून घ्यायचे. सासूबाईंनी निर्गुंडीचा शेक विचारला, तो चालेल म्हटले. डेंगीचा संशय असता तर नाप्रोक्सेन दिले नसते. चिकनगुनियातही पहिले काही दिवस, डेंगी नाही अशी खात्री होईपर्यंत, पॅरासिटामॉलवरच ठेवावे.

शाळेतली दुसरी बाई

अहवाल हातात आल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आली ती त्याच आवारातल्या बालवाडीची ताई. बाईंच्या बोलण्यात ओझरते येऊन गेले होते की तिला चौथा महिना आहे.

गर्भवतीला, विशेषतः पहिल्या वीस आठवड्यांत, हा संसर्ग झाला तर विषाणू गर्भाच्या रक्त बनवणाऱ्या पेशींवर बसू शकतो. गर्भाला तीव्र ॲनिमिया होतो, अंगावर पाणी साठते, काही वेळा गर्भ दगावतो. बहुतेक गर्भ सुखरूप राहतात, पण लक्ष ठेवावे लागते. वेळेवर कळले तर सोनोग्राफीने पाहता येते आणि गरज पडली तर मोठ्या केंद्रात गर्भाला रक्तही देता येते. लाल गालांच्या मुलांना कोणी डॉक्टरकडे नेत नाही, त्यामुळे ही बातमी बालवाडीच्या ताईपर्यंत पोचायला वाटच नसते. बाईंच्या परवानगीने मी मुख्याध्यापकांशी बोललो, ताईंनी आपल्या प्रसूतितज्ज्ञांना सांगितले आणि चाचणी झाली. आयजीजी सकारात्मक, आयजीएम नकारात्मक. म्हणजे संसर्ग पूर्वीच कधीतरी होऊन गेलेला, संरक्षण आहे. निम्म्याहून अधिक प्रौढांचे असेच असते. पण ते चाचणीशिवाय कळत नाही.

थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा तशा रक्ताच्या आजाराचे मूल शाळेत आहे का, हेही विचारले. अशा मुलात लाल पेशींचे उत्पादन आठवडाभर जरी थांबले तरी हिमोग्लोबिन धोकादायक उतरते. तसे कोणी नव्हते. मुख्याध्यापकांना पुरळ असलेल्या मुलांना घरी पाठवायचे होते. ते नको म्हटले : पुरळ उठेपर्यंत मूल संसर्ग देण्याच्या काळातून बाहेर पडलेले असते. ताप असताना घरी ठेवावे, हात धुवावेत, एवढे पुरे.

पुढे काय झाले

चौथ्या आठवड्यापासून फरक पडू लागला. आधी गुडघे आणि घोटे मोकळे झाले. सहाव्या आठवड्याला, एप्रिलच्या अखेरीस, मोजणीत १६ पैकी ४ सांधे उरले, सकाळचा आखडलेपणा वीस मिनिटांवर आला, सीआरपी सामान्य. हातांची सोनोग्राफी करून घेतली : उजव्या मनगटाच्या स्नायुबंधांभोवती थोडी सूज, हाडाला कुठेही झीज नाही. बांबोळीला पाठवायची गरज पडली नाही. तरी आईच्या इतिहासामुळे एका संधिवाततज्ज्ञांशी बोललो. त्यांचेही मत तीन महिने पाहावे असेच पडले.

मे महिन्यात दुखणे उलटले. घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची कामे, चिंच फोडणे, सोले वाळवणे, पापड. दोन-तीन दिवस हात सतत चालले आणि दोन्ही मनगटे पुन्हा सुजली. बाई घाबरून आल्या. “हा तोच आजार ना, आईचा?” पार्व्होव्हायरसची सूज अशी मधेच डोके वर काढते. स्त्रियांतल्या साधारण दहा-वीस टक्के जणींना काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक, असे येऊन-जाऊन दुखणे राहते. मी सूज बघितली, बोटांचे सांधे मोकळे होते, सीआरपी पुन्हा केले, ते सामान्यच होते. आठवडाभर नाप्रोक्सेन, मनगटाला आधारपट्टा. उतरले.

जूनमध्ये रूमॅटॉइड फॅक्टर ११, म्हणजे सामान्य मर्यादेत आला. एएनए नकारात्मक. अँटी-सीसीपी दुसऱ्यांदा केली, नकारात्मक. हिमोग्लोबिन ११.९. शाळा सुरू झाली आहे, फळ्यावरची ओळ सरळ आहे. उजवे मनगट पावसाच्या दिवसांत कधी कधी जड होते, असे त्या सांगतात.

प्रकरण मी अजून मिटलेले धरत नाही. आईचा आजार कागदावर आहे आणि विषाणूची सूज होऊन गेली म्हणून पुढे कधी रूमॅटॉइड होणारच नाही असे कोणी सांगू शकत नाही. पुढची तपासणी चतुर्थीनंतर ठेवली आहे : सांध्यांची मोजणी, सीआरपी आणि, मनगट सुजलेले असेल तर, पुन्हा सोनोग्राफी. मधे पावसाळा आहे, डास आहेत. ताप आला तर बाईंनी पट्टीची चाचणी न करता आधी फोन करायचा आहे. मार्चमधला चिकनगुनियाचा नकारात्मक एलायझा अहवाल त्यांच्या फाइलीत सगळ्यात वर लावून ठेवला आहे, उद्या ती चाचणी सकारात्मक आली तर संसर्ग नवा आहे का हे ठरवायला तुलनेसाठी तो लागेल. दुसऱ्या मुलाबद्दल त्यांना आणि त्यांच्या यजमानांना मी माझ्या बाजूने हरकत नसल्याचे सांगितले आहे. त्याआधी लोहाच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स पुरा करायचा आहे.